वैनगंगा संघराज्याचं न संपणारं युद्ध

आयुष्यात मी एकच युद्ध सुरू केलं आणि ते संपू नये म्हणून जिवाचं रान केलं. कारण साधं होतं. युद्ध संपलं की शेजारचे सर पुण्याला जाणार होते.

सर म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरीसाठी म्हणून तात्पुरते आले आणि इथंच म्हातारे झाले. जन्मभर हिंदीतून इतिहास शिकवला, पण घरी आले की चपलांबरोबर हिंदीही दाराबाहेर काढून ठेवायचे. त्यांच्या भिंतीला भिंत लागून मी राहतो, कोर्टात उभं आयुष्य घालवलेला वकील. आमचं सगळं खानदान इथलंच. माझी मराठी 'मले-तुले'वाली, आणि तिच्यात कोर्टातली हिंदी इतकी मुरलेली की एक कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते मलाच कळत नाही. रोज सकाळी आम्ही दोघं वैनगंगेपर्यंत चालायला जायचो. जाताना सर माझी मराठी सुधारायचे, येताना मी ती पुन्हा बिघडवायचो.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या आणि त्यांचं घर एकदम गप्प झालं. पुण्याच्या मुलानं त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली. दिवाळीत सरांनी सांगितलं, "आता जातो. इथे कोण आहे माझं?" मी बाजूलाच बसून त्यांना पुण्याहून आलेले अनारसे खात होतो. मला इतका राग आला की मी उरलेलेही संपवले.

'जाऊ नका' एवढं म्हणायला काय हरकत होती? पण नाही म्हटलं. लोकांसाठी तासन्‌तास बोललो, स्वतःसाठी दोन शब्द तोंडातून निघेनात. मग मी माझ्या धंद्यातला उपाय केला. कोर्टात एखादी गोष्ट होऊ द्यायची नसेल तर विरोध करत बसायचं नसतं, तारीख घ्यायची असते. आज साक्षीदार आजारी, उद्या कागद आले नाहीत, परवा वकीलच बाहेरगावी. मी सरांना म्हटलं, "संक्रांतीले मंडळाचं संमेलन हाय. मी नाटक लिहून राह्यलो. तुमी बसवून द्या अन्‌ मंग जा."

सरांनी आजवर आमच्या मराठी मंडळाची सगळी नाटकं बसवली होती. ते नाही म्हणू शकले नाहीत. पहिली तारीख मिळाली.

आता नाटक लिहिणं आलं. मी विषय असा निवडला की इतिहासाच्या माणसाला चीड यावी आणि त्यानं भांडत भांडत थांबावं. माझ्या नाटकात राज्यांची पुनर्रचना चालू असते, दिल्लीत नकाशा काढणाऱ्या बाबूच्या हातून दौत लवंडते आणि नेमका बालाघाट शाईखाली जातो. महाराष्ट्राला वाटतं तो मध्य प्रदेशात गेला, मध्य प्रदेशाला वाटतं महाराष्ट्रात. कोणीच घ्यायला येत नाही म्हणून इथले कामगार आणि शेतकरी स्वतःचं लाल झेंड्याचं राज्य काढतात, 'वैनगंगा समाजवादी संघराज्य'. अनेक भाषांची माणसं, सगळे एकमेकांचे साथी. घोषणा एकच: भाषा अनेक, भात एक.

"असं काही घडलंच नाही," सर म्हणाले.

"म्हून तं लिहून राह्यलो, सर. घडलेलं तुमी शिकवलंच की."

संघराज्य मी फार प्रेमानं उभं केलं. कटंगीला परदेशाची सीमा, महाराष्ट्रातल्या तुमसरच्या बसमध्ये बसायला व्हिसा. संरक्षण मंत्रालय हट्ट्याच्या बावडीत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, कारण एवढी थंडगार आणि जमिनीखालची जागा दुसरी नाही. फक्त पावसाळ्यात मंत्री पायऱ्यापायऱ्यांनी वर सरकतात. धान किती पिकवायचं हे पाच वर्षं आधी ठरलेलं, पाऊस मात्र पक्षाचा सभासद नाही. हे सगळं मी मुद्दाम शहरातल्या कचेऱ्यांमध्येच घडवलं. आमच्या जिल्ह्यात लाल झेंड्याची गोष्ट जंगलाकडे वळली की तिच्यात हसण्यासारखं काही उरत नाही.

पहिल्या प्रवेशात संघराज्याचा थोर नेता मरतो. हे काम बँकेतून निवृत्त झालेल्या मॅनेजरांना दिलं होतं. मरता मरता नेता आपल्या खुर्चीकडे बोट दाखवतो, "खाली..." म्हणतो आणि मान टाकतो. झालं! हिंदीवाले साथी म्हणतात, खुर्ची खाली झाली, म्हणजे रिकामी झाली, आता कोणीतरी बसा. मराठीवाले म्हणतात, खुर्ची खाली घ्या, ओट्यावरून जमिनीवर आणा, नेत्याची शेवटची इच्छा आहे. एक गट खुर्चीवर बसायला धावतो, दुसरा बसलेल्यासकट ती खाली ओढतो. तिथून राष्ट्रवाद सुरू होतो. मग जो तो म्हणतो, चिन्नोर तांदूळ पहिल्यांदा आमच्याच आजोबांनी लावला.

तरी नव्या अध्यक्षबाई सगळ्यांना धरून असतात. हे काम आमच्याच वॉर्डातल्या एका निवृत्त नर्सबाईंकडे होतं. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणतं. त्यांचं माहेर भंडाऱ्याचं आणि आवाज असा की वॉर्डातले पेशंट नुसत्या हाकेनं उठून बसायचे. अध्यक्षबाई जनतेला खूश करायला फर्मान काढतात, "प्रत्येक नागरिकाला मोफत शिक्षा!" हिंदी भागात पेढे वाटले जातात, पोरं फुकट शिकणार म्हणून. मराठी भागात लोक बंदुका काढतात. गुन्हा काय ते न सांगता शिक्षा, आणि वर उपकार केल्यासारखी मोफत! युद्ध पेटतं. हिंदी भागातून एक शिष्टमंडळ येऊन सांगतं, आम्ही शांतीची चेष्टा करायला आलो आहोत. बिचारे प्रयत्न म्हणत होते. मराठीवाल्यांना वाटतं, शांतीची टिंगल करायला आले. त्यांना बैलगाडीला बांधून परत पाठवतात.

हे वाचताना सर हसले. वहिनी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं. त्या दिवशी घरी येऊन मी युद्धाचे आणखी दोन प्रवेश लिहिले.

मग हे नेहमीचंच झालं. सर म्हणायचे, "आता तह करून टाका, वकीलसाहेब. मला सामान बांधायचं आहे." मी म्हणायचो, "हौ सर, उद्या करतो." आणि दुसऱ्या दिवशी वारासिवनीवर हल्ला व्हायचा. एकदा तर तहाचा मजकूर दोन्ही बाजूंना मान्य होता, सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी सह्यांची शाई संपवली. बायको म्हणाली, "अजी, पुरे करा. किती मानसं मारान?" माझी बायको गोंदियाची. तिला रक्तपात सहन होत नाही, पण सरांसाठी रोज भाजी ती न चुकता पाठवायची. युद्ध कशासाठी लांबतंय हे तिला बरोबर ठाऊक होतं.

घोळ झाला तो तालमीत. सरांनी माझ्या सैनिकांची भाषा बदलून टाकली. माझा सैनिक छातीत गोळी लागल्यावर म्हणत होता, "मले काहून मारलं बे?" सरांनी त्याच्या तोंडी घातलं, "मला का बरं मारलंत?"

मी म्हटलं, "सर, गोळी लागल्यावर 'का बरं' कोन म्हंते?"

"रंगभूमीवर शुद्ध बोललं पाहिजे."

"वैनगंगेचा सैनिक हाय तो. साताऱ्याहून भाड्यानं आनला काय?"

बघता बघता मंडळाचे दोन तट पडले. अर्धे 'मला'चे, अर्धे 'मले'चे. हॉलमधल्या सतरंजीची मधली लाल पट्टी ही सीमा ठरली. चहाच्या किटल्या दोन झाल्या. तरुण मंडळी दोन्हीकडे नव्हती. ती संवाद पाठ करायची आणि 'इसका मतलब क्या है अंकल?' असं दोन्ही बाजूंना विचारायची. अध्यक्षबाई तटस्थ म्हणून सिस्टरांना पट्टीवरच बसवलं होतं. त्यांना दोन्ही किटल्यांचा चहा प्यावा लागायचा. त्या वैतागून म्हणाल्या, "अजी, खऱ्या अध्यक्षालेही इतकी अ‍ॅसिडिटी नसन."

शेवटी एका संध्याकाळी सरांचा तोल सुटला. सगळ्यांसमोर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची ही भाषा म्हणजे मराठीची चेष्टा आहे!"

मला गप्प बसता आलं असतं. पण मी हात जोडून म्हटलं, "हौ सर. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून मराठीची चेष्टाच करून राह्यलो. तुमच्या नाही, आमच्या अर्थानं."

'मले'वाले खूप हसले. सर हसले नाहीत. ते उठले, शाल घेतली आणि गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की संमेलनाच्या लगेच दुसऱ्या दिवसाचं गोंदियाहून पुण्याचं तिकीट त्यांनी काढलं. नाटकाचा शेवटही त्यांनी स्वतःच लिहून टाकला. माझ्या युद्धाची कत्तल करून दुसऱ्याच अंकात तह.

सकाळी मी एकटाच वैनगंगेवर गेलो. वाटेत माझी मराठी कोणी सुधारली नाही. घरी येताना मला ती बिघडवावीशीही वाटली नाही. इतकं वाईट मला खटला हरल्यावर कधी वाटलं नव्हतं. विचार केला, भांडण मिटवावं, तडजोड करावी. चार संवाद त्यांच्या मनासारखे, चार माझ्या. पण स्वतः जायला पाय रेटेनात, म्हणून भाजी घेऊन निघालेल्या बायकोला सांगितलं, "सरांले म्हनाव, मी राजीनाम्याले तयार हाय."

ती परत आली. मी विचारलं, "काय म्हनले?"

"आधी भाजी ठेवून घेतली. मंग म्हनले, स्वीकारला म्हनाव."

मला काय आनंद झाला! ताबडतोब बाहेर जाऊन जलेबी आणली. सर दुसऱ्या दिवशी चालायला आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, थंडी आहे, आणि माणसाला अभिमानही असतो. तालमीचं बोलावणं आलं नाही. म्हटलं, मराठी सेनापतीचं काम माझंच, संवाद मला पाठच आहेत, मीच लिहिलेत. स्वीकारला म्हटलं ना? संपलं.

संमेलनाच्या दिवशी मी सेनापतीचा पोशाख करून हॉलवर गेलो. माझा जुना वकिलीचा काळा कोट, त्यावर बायकोनं लोणच्याच्या बरण्यांची झाकणं पदकं म्हणून टाचलेली. जरा उशीरच झाला होता, नाटक सुरू होतं. तहाचा प्रवेश आला, अध्यक्षबाईंनी पुकारलं, "मराठी सेनापती हाजिर हो!" मी डावीकडच्या विंगेतून रुबाबात बाहेर पडलो. त्याच वेळी उजवीकडच्या विंगेतून दुसरा सेनापती बाहेर पडला.

बँकेचे मॅनेजर! पहिल्या प्रवेशात ज्यांना मी स्वतः मारलं होतं तेच. मिशा माझ्यासारख्याच चिकटवलेल्या, अंगावर कुठल्याशा गुरख्याचा कोट.

"तुमी तं मेलते ना?" मी म्हटलं.

"सरांनी मला बढती दिली," मॅनेजर म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं नाटकातच आहे. सिस्टर एकदा मॅनेजरांकडे, एकदा माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "तहावर सही कोन करते मंग?"

"मी!" आम्ही दोघंही म्हणालो.

तेवढ्यात सर संहिता हातात घेऊन विंगेतून थेट स्टेजवर आले. चेहरा लालबुंद. "वकीलसाहेब, खाली उतरा! तुम्ही राजीनामा दिला आहे!"

"कोनी देल्ला?"

"तुम्ही! तुमच्या मंडळींनी निरोप आणला. मी तो स्वीकारला!"

"देल्ला नाही जी! करू म्हटलं होतं! राजीनामा करू!"

"राजीनामा करतात होय? राजीनामा देतात!"

आणि मग प्रेक्षकांतला अर्धा हॉल उठला. आमच्या गावात असं एक घर नसेल ज्याचा एखादा बांध, एखादी भिंत, एखादा भाऊ कोर्टात नाही. सगळे एका सुरात ओरडले, "राजीनामा म्हणजे समझौता, सर!" मागून कोणीतरी हिंदीत समजावू लागलं की काकाशी जमिनीच्या केसमध्ये त्यांनी कसा राजीनामा केला. पुण्यामुंबईहून पाहुणे आलेले चारसहा जण ओरडत होते, नाही, राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. हॉल मधोमध फाटला. माझ्या संघराज्याची जनता अशी तिकीट काढून समोर बसली असेल असं मला लिहिताना वाटलं नव्हतं.

सिस्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की तहाची दौत खरोखरच लवंडली. "चूप! दोघांपैकी बोला कोनीतरी!"

सर माझ्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला सोडून गेला नव्हता?"

एवढ्या लोकांत बोलायचं नव्हतं मला. पण दिवाळीपासून मनात अडकलेलं निघालंच. "सोडून तं तुमी जाऊन राह्यले, सर. मी काहून सोडू? म्हून तं युद्ध चालू ठेवलं. या तहावर सही झाली की उद्या तुमी गाडीत बसता. मी सही करत नाही. या मॅनेजरांलेही करू देत नाही. नका जाऊ."

मॅनेजरांनी आपली मिशी काढून खिशात ठेवली. सरांनी संहिता उघडली, मिटली, चष्मा पुसला. इतकी वर्षं त्यांनी माझ्या तोंडची कोर्टाची भाषा ऐकून नाक मुरडलं होतं. आता ते सिस्टरांकडे वळले आणि अगदी माझ्या थाटात, हात पुढे करून म्हणाले, "अध्यक्षबाई, पुढची तारीख द्या."

"होळीनंतरची देल्ली," सिस्टर म्हणाल्या. पडदा पडला. तोही अर्धाच, दोरी अडकली होती.

तिकीट रद्द झालं. होळीपर्यंत आम्ही रोज वैनगंगेवर गेलो. पण मुलगा मुलगा असतो, तो बिचारा स्वतः न्यायला आला. शेवटी सर गेलेच. मी गोंदियाच्या स्टेशनावर भांडलो नाही, काही नाही. नुसती त्यांची पिशवी धरून उभा राहिलो आणि गाडी हलल्यावर ती माझ्याच हातात राहिली आहे हे कळलं. त्यांचा चष्मा तिच्यात होता. कुरिअरनं पाठवावा लागला.

तेव्हापासून सकाळी चालायच्या वेळेला त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न, "संघराज्यात काय चाललंय?" मी रोज काहीतरी रचून सांगतो. कटंगीच्या सीमेवर गोळीबार, बावडीत पाणी वाढलं, मंत्री सर्वांत वरच्या पायरीवर. ते तिकडच्या बागेत चालत असतात. म्हणतात, इथे सगळे छान बोलतात, शुद्ध बोलतात, पण भांडायला कोणी नाही. एकदा बोलता बोलता म्हणाले, "मले इथे काही सुचत नाही." मी पुढची लढाई सांगत राहिलो. त्यांनीही दुरुस्त केलं नाही.

मध्ये उन्हाळ्यात माझं मन फार उडालं होतं. कंटाळून मी संघराज्यात तह करून टाकला. सर आता येत नाहीत, तर युद्ध तरी कोणासाठी चालवायचं? दुसऱ्या सकाळी फोन आला तेव्हा मी ते सांगणारच होतो, पण सरांचा आवाज वेगळा लागला. घाईघाईनं म्हणाले, "वकीलसाहेब, मुलाबरोबर राजीनामा झाला. हिवाळ्याचे चार महिने बालाघाट, बाकी पुणे. घर झाडून घ्या माझं."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. वकिलाची सवय, खात्री करून घेतली.

"सर, देल्ला का केला?"

"केला हो, केला!" ते ओरडले. तिकडच्या बागेतल्या लोकांनी नक्की वळून पाहिलं असणार.

बायको स्वयंपाकघरातून विचारत होती काय झालं म्हणून. मला धड सांगता येईना, नाक गळत होतं. मी म्हटलं, सांगतो, थांब, आणि आधी कागद घेऊन बसलो. कालचा तह मोडायचा होता.